स्कायलॅबमधले जाळे

आमच्या लहानपणी ‘स्कायलॅब’ हा शब्द भीतीचा होता. 1979 सालचा जुलै महिना होता आणि मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. अमेरिकेने 1973 साली अवकाशात पाठविलेली ही प्रयोगशाळा आता खाली येत आहे, ती कोठे पडेल हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, अशी वार्ता रेडिओवरून आमच्या गावी येऊन पोहोचली आणि गावाची झोप उडाली. 70 टनांहून अधिक वजनाचे ते धूड! ते नेमके आमच्याच घरावर पडणार, याविषयी आजीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिने आम्हां मुलांना अंगणात खेळण्याची बंदी केली. जणू काही कौलांखाली आम्ही अगदी सुरक्षित होतो! गावातील एका गृहस्थांनी तर वाण्याची उधारी चुकती करण्याचे साफ नाकारले. “दोन दिवसांकरिता आता हिशेब कसले करता?” असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

मला मात्र निराळाच प्रश्न पडला होता. मी वर्गात उभा राहून विचारले, “गुरुजी, ती आता पडणार; पण मग इतकी वर्षे ती वर राहिली कशी?” वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, “आधी ती खाली पडू दे, मग पाहू!” 11 जुलैच्या रात्री स्कायलॅब हिंदी महासागरावर येऊन फुटली. तिचे काही तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात जाऊन पडले. आमच्या गावावर काहीच पडले नाही, आणि ते गृहस्थ वाण्याच्या दुकानापुढून मान खाली घालून जाऊ लागले. माझा प्रश्न मात्र तसाच राहिला. खरे सांगायचे तर मीही तो पुन्हा विचारला नाही. वर्ग हसला, की प्रश्न गिळून टाकण्याची सवय आपल्याला फार लवकर लागते.

पुढे कित्येक वर्षांनी एका ग्रंथालयात जुनी मासिके चाळीत असता मला एका कोळ्याचे छायाचित्र दिसले, आणि त्याखाली चक्क स्कायलॅबचे नाव! मी कुतूहलाने वाचू लागलो.

स्कायलॅब वर जाण्यापूर्वीची ती हकीकत होती. अमेरिकेतील ‘नासा’ या संस्थेने तेथील माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांना आवाहन केले होते, की या प्रयोगशाळेत करण्याजोगा एखादा प्रयोग तुम्ही सुचवा. 3,400 हून अधिक योजना आल्या. त्यांतून 25 निवडल्या गेल्या. त्यांतील एक योजना मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन गावच्या ज्युडिथ माइल्स या 17 वर्षांच्या मुलीची होती. तिचा प्रश्न एवढाच होता : जेथे वजन जाणवत नाही, तेथे कोळी आपले जाळे विणू शकेल काय?

प्रश्न दिसावयास साधा. पण किती मार्मिक! कोळी धागा सोडीत खाली उतरतो, तो आपल्या देहाच्या भारावर. वर कोठले आणि खाली कोठले, हे त्याला तो भारच सांगतो. हा आधारच नाहीसा झाला तर? आणि येथेच मला माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. स्कायलॅब वर ‘राहिली’ नव्हतीच. ती सारा वेळ पडतच होती. परंतु तिचा पुढे जाण्याचा वेग एवढा प्रचंड होता, की ती पृथ्वीवर न आदळता पृथ्वीभोवती पडत राहिली. तिच्यासह तिच्यातील माणसे, भांडी आणि कोळीही पडत होते; म्हणून कोणालाच आपले वजन जाणवत नव्हते.

प्रश्न सुचला म्हणजे प्रयोग झाला, असे नाही. कोळी ठेवावयाचा कशात? त्याला खाऊपिऊ काय घालावयाचे? आणि वर विणलेल्या जाळ्याची तुलना कशाशी करावयाची? शास्त्रज्ञांच्या साहाय्याने या सर्व गोष्टींचा विचार झाला. एक पिंजरा तयार झाला, त्यावर कॅमेरे बसविण्यात आले, आणि उड्डाणापूर्वी जमिनीवर विणलेली जाळी तुलनेसाठी नोंदवून ठेवण्यात आली. अराबेला आणि अनिता अशा दोन कोळ्यांच्या माद्या निवडण्यात आल्या. 28 जुलै 1973 रोजी तीन अंतराळवीरांबरोबर त्याही निघाल्या.

अराबेला प्रथम आपल्या नळीतून बाहेरच येईना. अखेर ओवेन गॅरियट या अंतराळवीराने नळी हलवून तिला पिंजऱ्यात सोडले. बिचारी पोहणाऱ्या माणसासारखे पाय मारीत इकडून तिकडे आदळली आणि मिळेल त्या जागी चिकटून बसली. दुसऱ्या दिवशी तिने एका कोपऱ्यात काहीतरी वेडेवाकडे विणले. पण त्याच्या पुढच्या दिवशी पाहावे, तो पिंजऱ्यात पुरे जाळे! ज्या मातीचे तिला आणि तिच्या सर्व पूर्वजांना ओढ देणे ठाऊक होते, ती ओढ नाहीशी झाली असताना तिने दोन दिवसांत आपली कला पुन्हा जुळवून घेतली होती. पुढील तपासणीत धागे नेहमीपेक्षा बारीक आढळले. त्यांची जाडीही सर्वत्र सारखी नव्हती.

अंतराळवीरांनी त्या दोघींना पाणी दिले, आपल्या जेवणातील मांसाचा तुकडाही दिला. तरीही अनिता अवकाशातच मेली आणि परत आल्यावर पाहतात, तो अराबेलाही मेलेली. अंगातील पाणी कमी झाल्याची चिन्हे त्यांच्यावर दिसत होती. हे वाचून मी मासिक क्षणभर मिटून ठेवले. प्रश्न माणसाचा होता. त्याची किंमत मात्र त्या दोन मुक्या जिवांनी दिली.

त्या मुलीचा प्रश्नही तेथे संपला नाही. 2011 साली आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात पुन्हा कोळी नेण्यात आले आणि त्यांच्या जाळ्यांविषयीचा निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाला. दिवा चालू असताना त्या कोळ्यांनी दिव्याची बाजू हीच ‘वर’ मानली होती! भार नाहीसा झाला, तेव्हा त्यांनी उजेडाचा आधार घेतला.

गेल्या दिवाळीत व्हरांड्यातील एक जाळे झाडण्यासाठी मी झाडू उचलला, तेव्हा माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने माझा हात धरला. ती बारा वर्षांची आहे. जाळ्याचा मध्य नेमका मधोमध नसून थोडा वर आहे, हे तिनेच मला दाखविले. मग मी तिला अराबेलाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, “काका, जाळे पुरे झाल्यावर ते कोणी खालचे वर फिरवून ठेवले, तर कोळी काय करील?”

मला हसू आले नाही. माळ्यावरून एका जुन्या तसबिरीची रिकामी चौकट काढून आम्ही ती व्हरांड्यात टांगली. कोळ्याला कागदावर अलगद घेऊन तीत सोडले, आणि शेजारी बाटलीच्या झाकणात पाण्याने भिजविलेला कापूस ठेवला; तो तिने न सांगता आणला होता. तिची आई दोनदा झाडू घेऊन आली आणि दोनदा परत गेली. पहिल्या रात्री कोळ्याने एकच धागा ओढला. मुलीने वहीत तारीख घातली आणि त्याखाली लिहिले, ‘धागा 1’.