पाहुण्याचा अर्धा तास

नाशिक

चि. भाच्यास,


सावद्यात तुम्ही मित्रमंडळी रोटरी क्लब काढायचं म्हणताय, हे वाचून फार बरं वाटलं. दर आठवड्याला भेटायचं कशाला आणि दर खेपेला पाहुणा वक्ता आणायचा कुठून, असं तू विचारलं आहेस. रक्तदान, झाडं, शाळेला बाकं, ही कामं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवूनही होतात, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण कोणतं काम करायचं हे कळायला समोरासमोर बसावं लागतं. म्हणून आठवड्याची बैठक सोडू नका.

23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत रोटरीची पहिली बैठक भरली तेव्हा चारच माणसं होती. पॉल हॅरिस वकील, बाकीचे तिघे कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपी. पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत ते भेटत आणि आपापल्या धंद्याबद्दल बोलत. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून त्यांनी खटपट सुरू केली ती 1907 मध्ये. म्हणजे आधी दोन वर्षं नुसतं भेटणं आणि ऐकणंच चाललं होतं. आता 2016 पासून महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं. ती सूट तुम्ही निदान पहिल्या वर्षी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता वक्त्याचं. तो कशाला हवा, ते तुमच्याच बागेवरून बघ. तुमच्याकडे केळीवर हरण्या रोग येतो, तेव्हा काय होतं ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. पानांवर पिवळे पट्टे दिसले की ते झाड उपटून नष्ट करायचं, दुसरा इलाज नाही. पण लागवडीला, रोपांना, ठिबकला पैसा गेलेला असतो, म्हणून हात धजत नाही. चार दिवस बघू म्हणेपर्यंत रोग पसरवणारा मावा शेजारच्या बागेत पोचतो. बांधावर कुणी काकडी, भोपळा लावला असेल तर रोगाला तिथेही थारा मिळतो. हे एकट्या शेतकऱ्याला पटून भागत नाही. बांधाला बांध लागून असलेल्या दहाजणांनी ते एका वेळी, एका खोलीत ऐकायला हवं आणि तिथेच एकमेकांना शब्द द्यायला हवा. जळगावचं केळी संशोधन केंद्र आहे, तुमच्याच तालुक्यात पालचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञाला बोलवा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या नावाची वाट पाहू नका.

आणि बोलवाल तर बोलू द्या! मी किती बैठका पाहिल्या, ज्यात शाल, श्रीफळ, लांबलचक परिचय, अध्यक्षांचं मनोगत असं सगळं साग्रसंगीत होतं आणि पाहुण्याच्या वाट्याला जेवणाआधीची दहा मिनिटं येतात. बिचारा चार ओळी बोलून खाली बसतो. मला याचा राग येतो, कारण तो माणूस आपला दिवस मोडून आलेला असतो. परिचय दोन मिनिटांत उरका. त्याला अर्धा तास द्या, मग तेवढाच वेळ प्रश्नांना. आपल्याला काय जाणून घ्यायचं आहे ते त्याला आधीच कळवा. आणि त्याने सांगितलेलं वहीत उतरवून पुढच्या आठवड्याची बैठक त्या पानापासूनच सुरू करा: कोणी काय केलं?

वक्ते गावातच आहेत रे. गुरांच्या बाजारातला दलाल, केळीच्या गाड्या भरणारा मजूर, नगरपालिकेचं पाणी सोडणारा कर्मचारी, घरोघर फिरणाऱ्या आशाताई. आशाताईला एकदा बोलवाच. पोलिओच्या कामात रोटरी 1985 पासून आहे. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त ठरला. त्यासाठी पैसा जगभरातून आला, सरकारी यंत्रणा राबली, पण दारोदार जाऊन थेंब पाजले ते अशाच बायकांनी. कुठल्या घरात आई नाही म्हणते आणि का म्हणते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

बायकांवरून आणखी एक. 1989 पर्यंत रोटरीच्या घटनेत स्त्रियांना सदस्यत्वच नव्हतं. माझ्या वयाच्या कितीतरी जणी क्लबात गेल्या त्या कुणाची तरी पत्नी म्हणून, स्वागताची तबकं धरायला. नव्या क्लबाला निदान वीस सदस्य लागतात, त्यांत दहा बायका घे. हे मी हट्टाने सांगते आहे.

मोठी माणसं लहान गावात कशाला येतील, अशी भीती बाळगू नकोस. शेजारच्या फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूसारख्या गावच्याच सामानातून अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं. त्याच अधिवेशनात शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम मंजूर झाला. सारा, खंड, कर्ज यांचा विचार करायला मंडळी तुमच्याच शिवारात आली होती.

दादा-वहिनींना नमस्कार सांग. पालच्या केंद्राला आजच पत्र लिही. केळीच्या मृगबागेची लागवड सुरू होण्याआधी त्यांचा माणूस येऊन गेला, तर त्याचं बोलणं याच हंगामात कामी येईल.

तुझी,
आत्या