एकवीस दिवसांची ऊब

किराणा दुकानातून आणलेल्या अंड्याला कितीही ऊब दिली तरी त्यातून पिल्लू निघत नाही. वर्गात हे सांगितले तेव्हा माझ्या बऱ्याच मैत्रिणींना नवल वाटले. अंड्यांसाठी चालवलेल्या मोठ्या फार्मवर कोंबडा ठेवतच नाहीत. मग तेथले अंडे फलित कसे असणार? पिल्लू हवे असेल तर कोंबड्याबरोबर उकिरडा उकरीत हिंडणाऱ्या कोंबडीचेच अंडे हवे. नागपूरच्या कडेला, शहराचे रस्ते संपून शेते सुरू होतात तेथे आमचे घर आहे. तेथे आजीने आयुष्यभर अशा कोंबड्या पाळल्या. अंड्यांचा पैसा तिच्या लुगड्याच्या गाठीला असतो आणि त्याचा हिशेब तिला घरात कोणी विचारीत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत मानमोडी आली. पुस्तकात या रोगाला कुमाऊँच्या डोंगरातील एका गावावरून ‘राणीखेत’ म्हणतात. नाव सुंदर आहे, रोग मात्र भयंकर. कोंबडीची मान पिळल्यासारखी वाकडी होते, पाय लुळे पडतात आणि झालेल्या रोगावर औषध नाही. आधी लस टोचली असेल तरच पक्षी वाचतो. आठ दिवसांत आजीच्या तेवीस पक्ष्यांतून तीन कोंबड्या आणि एक कोंबडा एवढेच उरले. आजीच्या लुगड्याची गाठ सैल झाली.

पुन्हा कळप उभा करायचा तर जुनी रीत लांबची होती. देशी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसते. एकवीस दिवस बसायचे आणि पुढे दीड-दोन महिने पिल्ले सांभाळायची; तेवढे दिवस तिचे अंडे नाही. तिन्ही कोंबड्या बसल्या तर घरात एक अंडे दिसणार नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आणि धाकट्या भावाने घरीच उबवणी यंत्र करायचे ठरवले.

यंत्र म्हणजे थर्माकोलचा एक खोका. सीताबर्डीहून तापमान राखणारे छोटे उपकरण, संगणकातला जुना पंखा आणि तारेचा बल्ब आणला. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब जवळजवळ देत नाहीत. त्यामुळे जुना बल्ब शोधायला चार दुकाने फिरावी लागली. खाली पाण्याची वाटी, वर जाळी, जाळीवर चोवीस अंडी. काही आमची, काही मावशीच्या गावची. प्रवासातून आलेली अंडी रुंद टोक वर ठेवून एक दिवस स्वस्थ राहू दिली.

नियम मी वहीत उतरवून घेतले होते. तापमान साडेसदतीस अंश. हवेतील आर्द्रता आधी पन्नास-पंचावन्न टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर. अठराव्या दिवसापर्यंत अंडी रोज तीन किंवा पाच वेळा फिरवायची, नाहीतर आतला गर्भ कवचालगतच्या पापुद्र्याला चिकटतो. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला, म्हणजे चुकायला नको. विषम संख्या यासाठी, की रात्रीचा लांब काळ रोज त्याच बाजूवर जाऊ नये.

आजी हे सारे पाहत होती. तिला एकही आकडा येत नाही; पण माझ्या वहीतला प्रत्येक नियम तिच्या पाहण्यातला होता. कोंबडी चोचीने अंडी फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. दिवसातून एकदा चारा-पाण्याला उठते आणि थोड्या वेळात परत येते. तेवढ्या वेळात अंडी निवत नाहीत. म्हणून नवव्या दिवशी तासभर वीज गेली तेव्हा आजी घाबरली नाही. तिने खोक्यावर गोधडी टाकली आणि झाकण उघडू नका म्हणाली. चैत्र-वैशाखात ती अंडी कधी बसवीत नाही. याचे कारण मला वहीत सापडले. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत पत्र्याखालची खोलीच अंड्याला हवी त्याहून तापलेली असते. तेथे बल्ब विझून उपयोग नाही, गर्भ उष्णतेनेच मरतो.

इजिप्तमध्ये फार जुन्या काळापासून मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवीत. तेथले कारागीर अंडे पापणीला लावून ऊब जोखीत. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला, त्यात या भट्ट्यांची माहिती दिली. आजी अंडे गालाला लावते. अंतर फारसे नाही.

सातव्या रात्री अंधारात एकेक अंडे टॉर्चवर धरले. पाच कोरीच निघाली. उरलेल्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका. अॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अंडी फोडून पाहिली होती आणि तीन दिवसांनी आत धडधडणारा रक्ताचा बिंदू दिसतो असे नोंदवले होते. आम्हाला काहीही न फोडता पाहता आले. आईसुद्धा चूल सोडून पाहायला आली.

अठराव्या दिवशी आणखी दोन अंडी थांबलेली आढळली. राहिली सतरा. आता फिरवणे बंद, झाकण बंद. विसाव्या दिवशी पहाटे खोक्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. कवच शाबूत होते. पिल्लू आधी रुंद टोकातल्या हवेच्या पोकळीत चोच घालते, तेथे पहिला श्वास घेते आणि तेथूनच त्याला आवाज फुटतो. आम्ही भाऊबहीण आनंदाने नाचू लागलो. आजी मात्र गंभीर झाली.

“पिल्लं आवाज देऊन रायले,” ती म्हणाली, “अन् ओ द्याले कोनी नाई. तुह्या डब्ब्याले बोलता येते काय?”

ती खोक्याशी बसली आणि जिभेने कोंबडीसारखा ‘कुक् कुक्’ आवाज काढू लागली. आम्ही हसलो. पण ती म्हणाली ते खरेच आहे. शेवटच्या दिवसांत कोंबडी आणि अंड्यातली पिल्ले एकमेकांना साद देतात. कोन्राड लोरेन्झ या शास्त्रज्ञाला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंड्यातून निघताच जे हलते-बोलते दिसेल त्यालाच हंसाची पिल्ले आई मानतात, हे त्यांनी दाखवले होते. आमच्या पिल्लांना काय दिसणार होते? बल्ब आणि पंखा.

एकविसाव्या दिवशी कवचांना भोके पडली. एका पिल्लाला तर अठरा तास लागले. भाऊ कवच सोलायला निघाला, आजीने त्याचा हात धरला. आतल्या शिरांतले रक्त आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जाईपर्यंत थांबावेच लागते. घाईने सोलले तर ते रक्त सांडून मरते. चौदा पिल्ले निघाली. तीन आतच राहिली.

पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस काढू शकते. पुढे मात्र ऊब हवी, दाणा ओळखायला शिकवणारे कोणी हवे. मी बल्बखाली टोपली तयार ठेवली होती. आजीने ती बाजूला सारली. तीनपैकी तांबडी कोंबडी दहा दिवसांपूर्वी खुडूक झाली होती. आजीने मला न सांगता तिच्याखाली दोन गुळगुळीत गोटे ठेवून तिला बसती ठेवली होती. त्या रात्री अंधारात तिने गोटे काढले आणि एकेक पिल्लू तिच्या पंखाखाली सारले. सकाळी कोंबडी चौदा पिल्ले घेऊन अंगणात उतरली. माझ्या वहीत हे कोठेच नव्हते.

फार्मवरच्या व्हाइट लेगहॉर्न कोंबडीचे खुडूक होणे माणसाने निवड करकरून जवळजवळ घालवले. म्हणून ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि तिची पिल्ले यंत्रातूनच निघतात. आमच्या घरी मात्र तीन कोंबड्यांचे काम आता यंत्र आणि एक कोंबडी मिळून करतात. उरलेल्या दोघींची अंडी बंद पडत नाहीत. पिल्लांना मानमोडीची लस दिली. परवा अंगणावर घारीची सावली फिरली. तांबडी एकदाच ओरडली आणि चौदाही पिल्ले तुरीत दिसेनाशी झाली. ऊब यंत्राने दिली होती. हे यंत्राला शिकवता आले नसते.