एकसष्टावी ओळ

आई ग्रीन कार्डावर आमच्याकडे न्यू जर्सीला आली ती मार्च 2014 च्या अखेरीस. बॅगेत मेतकूट आणि भाजणी, फाइलमध्ये पुण्याहून काढलेला प्रवास विमा. विमा आहे म्हणून मी निर्धास्त होते.

पुढच्या मार्चमध्ये आम्ही दोघं टॅक्स भरायला बसलो आणि फॉर्म 1040 च्या एकसष्टाव्या ओळीवर अडकलो. घरातल्या सगळ्यांना वर्षभर आरोग्य विमा असेल तर चौकटीत खूण करा, नसेल तर दंड लिहा. आई आमच्या रिटर्नवर डिपेंडंट, म्हणजे तिचा दंड आमच्याच माथी. आणि ओबामाकेअरच्या लेखी प्रवास विमा हा विमाच नव्हे!

मला वाटलं, माणशी 95 डॉलर, देऊन टाकू. पण 95 किंवा ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाचा 1%, यांतलं जास्त असेल ते द्यायचं होतं; आणि ते उत्पन्न साऱ्या घराचं. मर्यादेवर एक लाख धरले तर वर्षाचे 1000, एप्रिल ते डिसेंबरचे 750. आमचा आकडा त्याच्याच आसपास होता. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात हा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी तरला, तो सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी या दंडाला कर मानलं म्हणून. बातमी तेव्हा वाचली होती. तिचा अर्थ आत्ता कळला.

नवरा म्हणाला, "चौकटीत खूण केली तर कोण बघतंय?" एका मित्राने फोनवर सांगितलं, की या दंडापायी आयआरएस घरावर बोजा चढवू शकत नाही, खटला भरू शकत नाही, फार तर रिफंडमधून कापून घेते. ते खरंच होतं. पण दंड थकवणं वेगळं आणि खोट्याखाली सही करणं वेगळं.

आई पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. म्हणाली, "अगं, तो विमा खरा नाही हे मला ठाऊक होतं. जुन्या आजाराचं काही मिळणार नाही, असं त्या कागदावरच लिहिलंय. म्हणून तर जिना चढताना धाप लागते ते बोलले नाही. तुम्हाला कशाला खर्चात घालू?"

आम्ही दोघंही गप्प झालो. 750 डॉलरचा विषय तिथेच संपला.

टॅक्स भरताना हा दंड पहिल्यांदाच कळलेल्यांसाठी त्या वर्षी 15 मार्च ते 30 एप्रिल अशी विमा घ्यायची खास मुदत होती. आम्ही ती साधली. आमच्या उत्पन्नाला सबसिडी नव्हती, हप्ता दंडापेक्षा कितीतरी जड होता. पण जुना आजार आहे म्हणून नाकारायची सोय या कायद्याने कंपन्यांना ठेवली नव्हती. मे महिन्यात आई डॉक्टरकडे गेली. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या, धाप कमी झाली.

2019 मध्ये आईची इथली पाच वर्षं पुरी झाली आणि तिला मेडिकेअरचं दार उघडलं. त्याच वर्षापासून केंद्राचा दंड शून्यावर आला, आणि न्यू जर्सीने लगेच स्वतःचा सुरू केला. आता राज्याच्या रिटर्नवर तोच प्रश्न असतो. मी खूण करते, पण त्याआधी स्वयंपाकघरात जाऊन विचारते, "आई, काही लपवत नाहीस ना?"