आजीचा अभंग कुणाच्या मालकीचा?

समजा, आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कुणीतरी रात्रीतून एका नव्याकोऱ्या कादंबरीची अख्खी झेरॉक्स डकवली. लेखकाने पकडायचं कुणाला? डकवणाऱ्याला की सेक्रेटरीला? डकवणाऱ्याला, हे उघड आहे. पण त्या बोर्डावर रोज लाखभर कागद लागत असतील, डकवणाऱ्यांची नावं खोटी असतील आणि बोर्डाच्या कडेला जाहिराती लावून सेक्रेटरी मजेत कमावत असेल, तर? आता उत्तर थोडं अडखळतं ना?

हाच वाद दिल्ली हायकोर्टात कित्येक वर्षं रंगला. मायस्पेस आठवतंय? फेसबुकच्या आधी जगभरची तरुण पोरं तिथे पडीक असायची. लोक तिथे गाणी टाकायचे, त्यात हिंदी सिनेमाचीही. टी-सीरिजवाल्या सुपर कॅसेट्सने २००८ मध्ये मायस्पेसवर दावा ठोकला. २०११ मध्ये एका न्यायमूर्तींनी प्रथमदर्शनी कंपनीची बाजू उचलून धरली. साइटवर फुकटची गाणी येतात हे तुम्हाला ढोबळमानाने ठाऊक आहे, वर जाहिरातींतून कमाईही होते, मग जबाबदारीही तुमचीच! डिसेंबर २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हे उलटवलं. ढोबळ माहिती पुरेशी नाही. कुठलं गाणं, साइटवर नेमकं कुठे आहे, हे मालकाने दाखवायला हवं. आमच्या गाण्यांची भलीमोठी यादी घ्या आणि शोधत बसा, हे चालणार नाही. मात्र नेमकं दाखवलं की ३६ तासांत काढायचं.

मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक फोटो, प्रत्येक गाणं आधी तपासा, मग झळकवा, असा नियम झाला असता तर छोट्या साइट्सनी केव्हाच शटर ओढलं असतं. उरले असते ते वकिलांची फौज पोसणारे बडे.

पण बॉस, खरी गंमत ‘दाखवलं की काढा’ इथेच आहे. दाखवणारा खरा मालक आहे का, हे बघतो कोण?

माझी आजी गेली त्या वर्षी आत्याने तिचा एक व्हिडिओ नेटवर टाकला. स्वयंपाकघरात बसून आजी तुकोबांचा अभंग म्हणतेय, हातात टाळ, मागे कुकरची शिट्टी. शब्द सतराव्या शतकातले, चाल गावच्या भजनातली, पिढ्यानपिढ्या चालत आलेली. दुसऱ्या दिवशी आवाज गायब! एका संगीत कंपनीच्या रेकॉर्डिंगशी तो ‘जुळतो’, असं साइटच्या मशीनने ठरवलं होतं. आत्याचा प्रश्न साधा होता: ‘‘अगं, आईचा गळा त्यांच्या मालकीचा कधी झाला?’’

साइटचा हिशोबही सरळ आहे. तक्रार आल्यावर ठेवलं तर कोर्टाची पायरी, काढलं तर काहीच नाही. चिडलेली आत्या फार तर काय करणार? आणि नुकसान कुणाचं होतं तर ज्याच्याकडे वकील नाही त्याचं.

कायद्याने याचा अजिबात विचार केलेला नाही असंही नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात २१ दिवसांची मुदत आली. लेखी तक्रार आली की साइटने मजकूर अडवायचा. २१ दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही, तर साइट तो पुन्हा दाखवू शकते. त्या ‘शकते’वर माझा राग आहे. ‘दाखवायलाच हवा’ असं कुठेही नाही. म्हणजे कोर्टात न जाणारा तक्रारदारही बसल्या जागी जिंकू शकतो. शिवाय आत्याच्या बाबतीत लेखी तक्रार होती कुठे? मशीनला वाटलं, मशीनने केलं.

आम्ही आक्षेपाचा फॉर्म भरला. ‘मूळ कलाकार कोण’ या रकान्यात आत्याने आजीचं नाव लिहिलं, पुढे कंसात ‘आणि तुकाराम’. महिनाभराने आवाज परत आला, कुकरच्या शिट्टीसकट. दावा कुणी आणि का मागे घेतला, हे कळवायची तसदी कुणी घेतली नाही. आत्याने दरम्यान व्हिडिओच्या तीन सीडी काढून घेतल्या आणि एक माझ्याकडे ठेवायला दिली.