कोनाड्यातला पेला



माझा मुलगा इथे वळसंगला नववीत आहे. मागच्या महिन्यात नागरिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी वर्गातली मुलं गावातली विहीर बघायला गेली. दलित बांधवांनी स्वतः कष्ट करून खणलेली ही विहीर. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले, त्यांच्या हातून तिचं पहिलं पाणी शेंदलं गेलं. लग्न होऊन मला इथे अठरा वर्षं झाली, पण विहीर बघायला मी एकदाही गेले नव्हते.

प्रकल्प लिहायला त्याचा मित्र घरी आला. बाहेर रणरणतं ऊन. "काकू, पाणी द्या," म्हणाला. माझा हात सवयीनं कोनाड्यातल्या पेल्याकडे गेला. सासूबाईंच्या वेळेपासून तो वेगळा ठेवलेला. कोणासाठी, हे घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

मुलानं पाहिलं. उठून आपल्या रोजच्या दोन पेल्यांत पाणी घेऊन गेला. रात्री मला म्हणाला, "आई, आपण पाणी गाळून पितो ना? मग तो पेला कशासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. सूक्ष्म जीवाला इजा होऊ नये म्हणून आपण पाणी गाळतो आणि समोरच्या लेकराचं मन दुखावतो. दशलक्षणात उत्तम मार्दवाच्या दिवशी आपण आठ मदांबद्दल ऐकतो. कुलमद आणि जातिमद त्यातलेच ना?

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, कुंभोजचे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. भाऊरावांचं नाव आपण अभिमानानं घेतो, पण लक्ष्मीबाईंनी घरात जे केलं ते आपल्याला किती जमतं?

शाळा मुलांना समतेचा धडा देते, परीक्षेत त्याचे गुण मिळतात. पण तेरा-चौदा वर्षांचं पोर पुस्तकापेक्षा आईच्या हाताकडे जास्त बघतं. धडा एक आणि घर दुसरं, असं दिसलं की ते दोन तोंडांनी वागायला शिकतं. चांगला नागरिक कसा व्हायचा तो?

दुसऱ्या दिवशी तो पेला मी घासून बाकीच्या पेल्यांत मिसळून टाकला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. अजून त्या पाणी पिताना पेला निरखून बघतात. मी वाद घालत नाही, पण पेला परत कोनाड्यात ठेवलेला नाही.

तो मित्र परवा पुन्हा आला होता. त्याला पाणी दिलं, पोहे दिले. क्षमा मात्र मागायची राहिली. क्षमावाणीला आपण एकमेकींना "उत्तम क्षमा" म्हणतो, तसं त्या मुलालाही म्हणायचं आहे, आणि त्यासाठी पर्वाची वाट बघणार नाही.

तुमच्या घरात असा पेला आहे का? मुलांनी विचारण्याआधी एकदा कोनाडा बघा.