सीडीवरची शाई आणि कोर्टातला पुरावा

पोस्ट जरा लांब आहे, पण कोर्टात सीडी दिलेली किंवा द्यायची असलेली माणसं आपल्यात बरीच आहेत, म्हणून लिहितोय.

तालुक्याच्या गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या डीव्हीडीचा जमाना होता तेव्हा सहा शाईंचा एप्सन एल ८०५ घेतला होता. त्याच्यासोबत एक प्लास्टिकचा ट्रे येतो. त्यात डिस्क ठेवायची, ट्रे समोरून आत सरकवायचा, की नवरा-नवरीचा फोटो थेट डिस्कवर छापून बाहेर. लोक हरखून जायचे. 'कंपनीची वाटते हो!' फोटोपेक्षा त्या सीडीचंच कौतुक जास्त.

मग पेनड्राइव्ह आले, मोबाइल आले आणि ट्रे कपाटावर धूळ खात पडला. आता तो खाली येतो ते कोर्टकचेरीच्या कामासाठी. अपघाताचं सीसीटीव्ही, बांधावरच्या भांडणाचा मोबाइल व्हिडिओ, सोसायटीच्या सभेचं रेकॉर्डिंग. लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह गायब झाला, वकिलाच्या फाइलमधून सीडी काही गेली नाही.

२०१८ साली शेजारच्या गावचे एक अण्णा आले. रस्ता ओलांडताना त्यांच्या बायकोला गाडीने उडवलं होतं. समोरच्या पेट्रोल पंपाचं फुटेज कुणीतरी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेलं, हे नशीबच. डीव्हीआर काही दिवसांनी जुनं पुसून नवं भरत जातो, तेव्हा मागायला उशीर केला की संपलं. अण्णा म्हणाले, 'भाऊ, दोन सीड्या करून द्या, वरती नीट नाव-तारीख टाका.' मी झकास छापल्या. अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, मयताचं नाव. एसटीची वेळ झाली होती म्हणून लगेच प्लास्टिकच्या कव्हरात घालून हातात दिल्या.

इथे मी चुकलो. प्रिंटेबल डिस्कवर पांढरा खरबरीत थर असतो, तो शाई पिऊन घेतो. पण ही शाई पाण्यात विरघळणारी. पूर्ण वाळायला चोवीस तास द्यायचे असतात. मला हे माहीत होतं, लग्नाच्या डिस्क मी रात्रभर पसरून ठेवायचो. त्या दिवशी नाही ठेवल्या. पावसाळी हवा, बंद कव्हर, वर अण्णांच्या पिशवीचा दाब. वकिलाच्या टेबलावर कव्हर काढलं तर अर्धी शाई कव्हराला. तारखेतले आकडे फुटलेले, एका डिस्कवर तर वेळच दिसेना.

समोरच्या वकिलाने त्यावर पंधरा मिनिटं घेतली. ही डिस्क कुठली, कधीची, बदलली नाही कशावरून? लेबल म्हणजे पुरावा नव्हे हे त्यालाही ठाऊक होतं, पण शंका पेरायला तेवढं पुरतं.

खरा घोळ पुढे होता. कलम ६५ ब चं प्रमाणपत्र. सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१४ ला अन्वर विरुद्ध बशीर या केरळच्या निवडणूक खटल्यात सांगून टाकलं होतं की सीडीसारखी प्रत दाखल करायची तर हे प्रमाणपत्र पाहिजेच. त्या खटल्यातही वाद सीड्यांचाच होता. अपघाताच्या ट्रिब्युनलमध्ये नियम तितके कडक नसतात म्हणे, पण हरकत घ्यायला कोण अडवतंय? प्रमाणपत्र द्यायचं कुणी, तर ज्याच्या ताब्यात ते यंत्र होतं त्याने, म्हणजे पंपाच्या मॅनेजरने. तो बदलून गेला होता. नवा म्हणाला, 'मी तेव्हा नव्हतो, मी सही करणार नाही.' मी सही करून उपयोग नव्हता, मी नुसता नकलाकार.

पुढे १४ जुलै २०२० ला आपल्या जालन्याच्याच निवडणुकीच्या वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचंच ठेवलं, पण माणसाने सगळे प्रयत्न करूनही संबंधिताने ते दिलं नाही तर त्याला सूट मिळू शकते हेही सांगितलं. तिथे तर प्रमाणपत्र न देणारे निवडणूक अधिकारीच होते. आमचे अण्णा २०१९ मध्येच तडजोडीला तयार झाले होते. मागितल्याच्या निम्मेसुद्धा मिळाले नाहीत. मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागतं.

१ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियम नवा आहे, कलम ६३. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा, आत एक ठिपका बदलला तरी आकडा बदलतो. शा-२५६ ची हॅश चौसष्ट अक्षरांची. मी आता ती डिस्कच्या कडेने गोल छापतो, बारा सेंटिमीटरच्या डिस्कवर आरामात बसते. ज्याला शंका असेल त्याने फाइलची हॅश काढून ताडून बघावी. प्रमाणपत्राची गरज त्याने टळत नाही, पण 'ही डिस्क ती नव्हेच' हा खेळ आवरतो.

आणि हो, कागदी स्टिकर चिकटवू नका. वाकडा बसला की डिस्क ड्राइव्हमध्ये थरथरते, गोंद सुटला तर आतच अडकते. साध्या चंदेरी डिस्कवर इंकजेट चालत नाही, शाई थेंब होऊन बसते. सीडीची माहिती खालच्या नव्हे, वरच्या बाजूला असते, पातळ लाखेच्या थराखाली. त्यामुळे वरून टोकदार बॉलपेनने लिहिणं म्हणजे पुराव्यावरच ओरखडा. डीव्हीडीत ती दोन चकत्यांच्या मध्ये असते, जरा सुरक्षित.

परवा एक बाई आल्या, मुलाच्या केसची सीडी हवी होती. म्हटलं, ताई, उद्या या, वाळू द्यावी लागेल. म्हणाल्या, 'उद्या सकाळीच तारीख आहे.' मग छापलीच नाही. पाण्याच्या शाईचा मऊ मार्कर काढला, नाव, तारीख आणि चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं हाताने लिहिली. पाऊण तास लागला. त्या तेवढा वेळ समोर बसून एकेक अक्षर माझ्याबरोबर मोजत होत्या.