वास्को काउंटीत बाहेरचा कोण?

महाराष्ट्रापेक्षा मोठा जिल्हा असू शकतो? एक होता, अमेरिकेत. ११ जानेवारी १८५४ रोजी ओरेगन टेरिटरीच्या सरकारने कॅस्केड पर्वतांच्या पूर्वेला असलेली सगळी जमीन, पार रॉकी पर्वतांपर्यंतची, एका काउंटीच्या नावावर करून टाकली. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. क्षेत्रफळ १ लाख ३० हजार चौरस मैल, म्हणजे जवळपास ३ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ८ हजारांत संपतो! स्थापन झाली तेव्हा अमेरिकेतली ही सर्वांत मोठी काउंटी होती. तिचं नाव वास्को. गोव्यातल्या वास्कोचा काही संबंध नाही बरं का. हे तिथल्या मूळ जमातीचं नाव, आणि त्याचा अर्थ छोटी वाटी.

पुढे त्या वाटीतलं जो तो वाढून घेत गेला. त्यातून नव्या काउंट्या निघाल्या, काही भाग दुसऱ्या राज्यांत गेला. आज उरलेत सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेनुसार २६,६७० माणसं. एवढी माणसं आपल्याकडे एका मोठ्या टाउनशिपमध्ये मावतात.

मी पोर्टलंडजवळ राहतो. तिथून हायवे ८४ धरला की कोलंबिया नदीच्या काठाकाठाने दीड तासात वास्को काउंटी. या ड्राइव्हची गंमत अशी, की सुरुवातीला सगळं हिरवंगार, शेवाळलेलं, जागोजागी धबधबे. मग बघता बघता हिरवा रंग गायब! उघड्या तपकिरी टेकड्या, बेसॉल्टचे काळे कडे आणि भणाण वारा. पॅसिफिकवरून आलेले ढग कॅस्केडच्या पश्चिमेलाच रिकामे होतात. महाबळेश्वर सोडून माणच्या दिशेने उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मागे ११,२४९ फुटांचा माउंट हूड बर्फाची टोपी घालून बसलेला, पुढे गव्हाची शेतं आणि चेरीच्या बागा.

काउंटीचं मुख्य गाव द डॅल्स. गावाच्या वर थोड्या अंतरावर सिलायलो नावाचा धबधबा होता. लाकडी मचाणांवर उभं राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी सामन मासे पकडायचे, सुकवायचे आणि दूरदूरच्या जमातींशी त्यांचा व्यापार करायचा, असं तिथे सुमारे दहा हजार वर्षं चाललं होतं. वॉल स्ट्रीट वगैरे फार नंतरचं. १८०५ मध्ये लुइस आणि क्लार्क इथून गेले, मग ओरेगन ट्रेलवरून बैलगाड्यांचे तांडे आले. १८५५ च्या करारात वास्को आणि शेजारच्या जमातींनी सुमारे एक कोटी एकर जमीन सोडली. राखून ठेवला तो मुख्यतः वॉर्म स्प्रिंग्जचा तुकडा आणि पूर्वापार जागी मासे पकडण्याचा हक्क.

१० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत सिलायलो पाण्याखाली गेला. ज्यांचा तो होता ती माणसं काठावर उभी राहून बघत होती. चार जमातींना मिळून २ कोटी ६८ लाख डॉलर भरपाई मिळाली. हक्क कागदावर तसाच राहिला, फक्त मासे पकडायची जागा नाहीशी झाली.

धरणाची वीज स्वस्त, म्हणून ॲल्युमिनियमचा कारखाना आला. तो बंद पडला आणि २००६ मध्ये गूगलने स्वतः बांधलेलं आपलं पहिलं मोठं डेटा सेंटर इथेच सुरू केलं. म्हणजे तुम्ही हिंजवडीत बसून काहीबाही सर्च करता, तेव्हा या नदीकाठचा एखादा सर्व्हर गरम होत असण्याची शक्यता आहे! तो गार करायला पाणी लागतं. किती लागतं, हे एका वर्तमानपत्राने विचारलं, तर आकडा उघड होऊ नये म्हणून नगरपालिका कोर्टात गेली. २०२२ च्या अखेरीस आकडा बाहेर आला. आदल्या वर्षी सुमारे १३४ कोटी लिटर, गावाच्या एकूण वापराच्या पाव हिश्शाहून जास्त.

पण पुणेकराला हे नाव ऐकून आठवतं ते वेगळंच. १९८१ मध्ये कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून भगवान रजनीश अमेरिकेत गेले. त्यांच्या संन्याशांनी ६४ हजार एकरांचं बिग मडी रँच विकत घेतलं, ते बरंचसं याच काउंटीत. तिथे रजनीशपुरम उभं राहिलं. विमानतळ, पोलिस, रोल्स-रॉइस, सगळं. शेजारी अँटेलोप नावाचं चाळीसएक वस्तीचं गाव. संन्यासी तिथे राहायला आले, मतदार झाले, निवडणूक जिंकले आणि १९८४ मध्ये गावाचं नाव ‘रजनीश’ ठेवून मोकळे झाले. सगळं मतपेटीतून.

मग काउंटीच्या सत्तेवर डोळा गेला. नोव्हेंबर १९८४ च्या निवडणुकीसाठी बाहेरून हजारो बेघरांना बसमध्ये घालून आणलं गेलं. आणि स्थानिक मतदार घरीच पडून राहावेत म्हणून काय केलं? द डॅल्समधल्या दहा रेस्टॉरंटांत, मुख्यतः सॅलड बारवर, साल्मोनेला जिवाणू मिसळले! ७५१ जण आजारी पडले. सुदैवाने कुणी दगावलं नाही. निवडणूक काही जिंकता आली नाही. १९८५ मध्ये सगळं उघड झालं, मा आनंद शीला पुढे तुरुंगात गेली आणि अँटेलोपला त्याचं नाव परत मिळालं. तिथल्या पाटीवर या काळाला चक्क ‘आक्रमण’ म्हटलंय.

आई-बाबा इकडे आले होते तेव्हा आम्ही द डॅल्सबाहेरच्या एका स्टॉलवर चेरी घेत होतो. स्टॉलवरच्या आजीबाईंनी कुठून आलात विचारलं. मी म्हटलं, इंडिया, पुणे. त्यांचा वजन करणारा हात थांबला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, की १९८४ पासून त्यांनी सॅलड बारला हात लावलेला नाही.

आई मला म्हणाली, “अरे, त्यांना सांग ना, आपला त्या लोकांशी काही संबंध नाही म्हणून.”

मी सांगितलं. खोटं नव्हतंच ते. पुण्यात आपण त्या मरून झग्यांना ‘फिरंगी’ म्हणायचो. इथे त्यांना भारतातून आलेलं लचांड म्हणतात. आणि रजनीशपुरममध्ये बहुतेक जण होते अमेरिकन आणि युरोपियन! म्हणजे ते कुणाचेच नव्हते.

आजीबाई हसल्या आणि मूठभर चेरी जास्त टाकल्या. आमचं घराणं चार पिढ्यांपासून इथलं, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. पणजोबा मिझुरीहून आले होते म्हणे. पलीकडे बागेत चेरी तोडत होती मेक्सिकोहून आलेली कुटुंबं. त्यांच्याही मुलांचे जन्म इथलेच असणार.

गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. चार पिढ्या म्हणजे फार तर दीडशे वर्षं. माझी नऊ. पाटीवरच्या त्या ‘आक्रमणा’ची चार. अँटेलोपच्या लोकांचा संताप मला पूर्ण पटतो. उद्या कुणी येऊन माझ्या गावाचं नाव बदललं तर मीही चवताळेन. पण तेवढाच संताप सिलायलोच्या काठावरच्या माणसांचाही असणार ना? त्यांचा धबधबा बुडाला तोही रीतसर, कायद्याने, ठराव आणि चेक देऊन. मग ‘इथला’ हे ठरवायचं कशावर? मतदार यादीवर, सातबाऱ्यावर की पिढ्या मोजून? माझ्या खिशात ग्रीन कार्ड आहे आणि मला उत्तर सापडलेलं नाही.

एक सांगतो. २००८ मध्ये सैन्याच्या इंजिनिअरांनी सोनारने नदीचा तळ तपासला. धबधब्याचे कडे जसेच्या तसे आहेत. धरणाच्या पाण्याखाली, पण शाबूत. काठावर सिलायलो व्हिलेज अजून आहे, आणि तिथे दर वसंतात पहिल्या सामनचा सण होतो.

कधी पोर्टलंडला आलात तर जूनच्या शेवटी या. चेरी मस्त असतात. आणि पुण्याचे आहात हे सांगायला बिचकू नका. फक्त गोष्ट ऐकायची तयारी ठेवा, आणि ती १९८१ च्या आधीपासून ऐका.